पाणी कुठं मुरतंय?

फ्लॅट बुक करायला निघालेल्या माणसाला किती प्रश्न पडतात! कार्पेट एरिया किती, पार्किंग कव्हर्ड की ओपन, जिममध्ये एसी आहे का, लिफ्ट कुठल्या कंपनीची. घर शोधणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी मध्यंतरी पुण्याच्या पश्चिमेकडचे चार सॅम्पल फ्लॅट बघितले. चारही ठिकाणी सेल्सवाल्यांना नळांचा ब्रँड तोंडपाठ होता. काँक्रीटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पण त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आपणही कुठे विचारतो? वीस वर्षं ईएमआय भरायचा तो ज्याच्या जिवावर, ते काँक्रीट म्हणजे आपल्या लेखी सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. विषय संपला.

संपला नाही, बॉस. आणखी एक पार्टनर आहे. काँक्रीट बनवणाऱ्या प्लँटवर तो प्लास्टिकच्या ड्रममध्ये बसलेला असतो. तपकिरी, पातळ. साइटवर त्याला सगळे नुसतं 'केमिकल' म्हणतात, इंजिनिअर लोक 'अॅडमिक्श्चर'. पन्नास किलोच्या सिमेंटच्या बॅगेला साधारण अर्धा किलो, कधी कमी, कधी थोडं जास्त. भाजीत मीठ असावं तेवढंच. पण त्याचं काम समजून घ्यायचं, तर आधी पाण्याचं समजून घ्यावं लागतं.

काँक्रीट 'वाळतं' असं आपण म्हणतो. खरं तर ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून दगड तयार होतो. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून कमी पाणी पुरतं, म्हणजे एका बॅगेला वीसेक लिटर. त्याहून जास्त ओतलेलं पाणी कामाला लागत नाही. ते पुढे उडून जातं आणि जाताना मागे बारीक बारीक पोकळ्या सोडतं. डफ अब्राम्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्येच हे मांडून ठेवलंय: सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी.

मग कमी पाणी घाला, झालं! इथेच गोची आहे. कमी पाण्याचं काँक्रीट घट्ट गोळा होतं. ते पंपाच्या पाइपमधून वर चढत नाही, सळ्यांच्या जाळीत शिरत नाही. मे महिन्याच्या उन्हात स्लॅब भरणाऱ्या गँगला ते फावड्याने ओढावं लागतं. अशा वेळी हाताशी काय असतं? पाण्याचा पाइप. पाणी फुकट आहे, काम झटपट उरकतं आणि चमकदार, सरसर पसरणारं काँक्रीट बघून सगळे खूश. त्या मजुराला व्हिलन ठरवू नका. कंबर त्याची मोडते, आणि पाणी का घालायचं नाही हे त्याला कुणी समजावलेलं नसतं.

केमिकलची एंट्री होते ती इथे. सिमेंटच्या कणांना पाण्यात पडल्यावर एकमेकांना चिकटून घोळके करायची खोड असते. ऑफिसच्या पार्टीत कसं, अकाउंट्सवाल्यांचं कोंडाळं वेगळं, मार्केटिंगवाल्यांचं वेगळं आणि स्टार्टर्सची प्लेट नेमकी कोंडाळ्याच्या मधोमध अडकलेली! तसंच पाणी या घोळक्यांत अडकून पडतं. सुपरप्लास्टिसायझर नावाचं केमिकल प्रत्येक कणावर बसतं आणि कणांना एकमेकांपासून लांब ढकलतं. घोळका फुटतो, अडकलेलं पाणी मोकळं होतं, आणि तेच घट्ट काँक्रीट वाहायला लागतं. वरून थेंबभर पाणी न घालता.

याची हिस्ट्रीही मजेशीर आहे. १९३० च्या दशकात कागदाच्या लगद्यातून उरलेला लिग्निनचा माल यासाठी वापरायला सुरुवात झाली. त्याने पाणी पाच-दहा टक्के वाचायचं. १९६० च्या दशकात जपानमध्ये सुपरप्लास्टिसायझर आणलं ते काओ सोप या चक्क साबणाच्या कंपनीने. पुढे १९८० च्या दशकात जपानमधूनच पॉलिकार्बोक्झिलेट आलं. त्याचे रेणू कंगव्यासारखे असतात आणि त्यांचे दात कणांना जवळ येऊच देत नाहीत. याने पाणी तीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त कमी करता येतं. टोकियो विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरा यांनी तर १९८६ मध्ये आपल्या आपण पसरून कोपरान् कोपरा भरणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये ते करून दाखवलं. कारण काय, तर कुशल कामगार कमी होत चालले होते. मजूर मिळत नाहीत म्हणून त्यांनी पाणी वाढवलं नाही, काँक्रीट बदललं.

काँक्रीट ट्रॅफिकमध्ये अडकलं तर? त्यासाठी रिटार्डर असतं, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया लांबवणारं केमिकल. साधी साखरसुद्धा हे काम करते. चिमूटभर साखर सिमेंटला तासन् तास अडवून धरते. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्याच्या घाणीत गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे. चुना आणि सिमेंट यांची केमिस्ट्री वेगळी, पण चिमूटभर काहीतरी घालून माल सुधारायची आयडिया आपल्याला नवी नाही.

अर्थात प्रत्येक केमिकल सज्जन नसतं. काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून एकेकाळी कॅल्शियम क्लोराइड सर्रास घालायचे. नंतर लक्षात आलं, की क्लोराइड आतल्या सळ्यांना गंज चढवतं. आता सळ्या असलेल्या काँक्रीटमधल्या क्लोराइडवर कडक मर्यादा आहेत. सुपरप्लास्टिसायझरचाही डोस जास्त झाला, तर खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. म्हणून हे काम अंदाजपंचे करायचं नाही. प्लँटवर ते मोजूनच पडलं पाहिजे.

आता थोडं गणित करू. एका ट्रकमध्ये सहा घनमीटर काँक्रीट आहे, दर घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि पाण्याचं प्रमाण ०.४५. समुद्रकाठच्या हवेसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक याच्या वर जाऊ देत नाही. साइटवर कुणीतरी पाइप लावून १५० लिटर पाणी सोडलं. मोठ्या बादल्या धरल्या तर सात-आठ. प्रमाण लगेच ०.५२ वर. कागदावर ग्रेड तोच, स्लॅब मात्र वेगळाच!

हे लगेच कळतं का? अजिबात नाही. पझेशनच्या दिवशी भिंती गुळगुळीत असतात. पोकळ्यांमधून ओल, हवा आणि किनाऱ्याजवळ असाल तर मीठ, हळूहळू सळ्यांपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. बाथरूमच्या छताचा पोपडा पडून गंजकी सळई दिसते ना, ती या गोष्टीची शेवटची रीळ. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातला दोष पझेशनपासून पाच वर्षांच्या आत दाखवला, तर बिल्डरला तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. गंजाला मात्र पाच वर्षांची घाई नसते. तो आरामात दहाव्या-पंधराव्या वर्षी येऊ शकतो. तेव्हा ईएमआय आपला आणि दुरुस्तीची वर्गणीही आपलीच.

म्हणून बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी बुकिंग करत असाल, तर नळांच्या ब्रँडनंतर हेही विचारा. काँक्रीटचा ग्रेड कुठला? मिक्स डिझाइनमध्ये पाणी-सिमेंटचं प्रमाण किती, केमिकल कुठलं? ट्रक आल्यावर घट्टपणा तपासायची स्लंप टेस्ट होते का? माल घट्ट वाटला तर पाणी घालतात की इंजिनिअरसमोर मोजून केमिकल? आणि सगळ्यात महत्त्वाचं: २८ दिवसांनी फोडून बघायचे क्यूब भरतात कुठे? प्लँटवर भरलेला क्यूब साइटवरच्या पाइपबद्दल काहीच सांगत नाही. ट्रकमधून स्लॅबवर पडणाऱ्या मालाचा क्यूब हवा.

सेल्सवाला गोंधळेल, 'साइट इंजिनिअरला विचारून सांगतो' म्हणेल. म्हणू द्या. दहापैकी चार ग्राहकांनी हेच विचारलं, की त्याला उत्तर पाठ करावं लागेल. आणि उत्तर पाठ करायचं म्हणजे आधी साइटवर कुणीतरी पाण्याच्या त्या पाइपवर लक्ष ठेवायला हवं.