किनाऱ्याआधी तगर

सुट्टी लागली की व्यापारी कुटुंबे कोकणकिनाऱ्याची वाट धरतात. घराजवळचा इतिहास पाहायचा राहून जातो. सास्तूर परिसराने त्याची किंमत जाणली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने येथील दगडी घरे जमीनदोस्त केली. माणसांबरोबर पिढ्यांच्या आठवणीही गेल्या.

जे उरले ते तरी पाहावे. याच धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई. धाराशिवच्या लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे.

समुद्र अवश्य पाहावा. परंतु त्या समुद्रापर्यंत माल पोहोचविणारी आपली पेठ मुलांना आधी दाखवावी. दगड ढासळतात, सांगणारे असतील तोवरच वारसा टिकतो.