मुसद्दीलालला जात विचारली नाही

५ ऑगस्ट २०११ रोजी 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' हा हिंदी सिनेमा लागला आणि फारसा गाजावाजा न होता उतरलाही. वास्तविक पाहता तो चालायला हवा होता. २००१ मध्ये सब टीव्हीवर सुरू झालेली 'ऑफिस ऑफिस' ही मालिका लोकांनी डोक्यावर घेतली होती. दिग्दर्शक तेच राजीव मेहरा, मुसद्दीलाल तेच पंकज कपूर आणि टेबलापलीकडची माणसेही तीच. मनोज पाहवांचे भाटिया, संजय मिश्रांचे शुक्ला, देवेन भोजानींचे पटेल, हेमंत पांडेंचे पांडेजी आणि आपल्या आसावरी जोशींच्या उषाजी. त्यातच महिना ऑगस्टचा. १६ तारखेला अण्णा हजारे यांना दिल्लीत अटक झाली, पुढे रामलीला मैदान गर्दीने फुलले आणि देशभर भ्रष्टाचाराविरुद्ध मेणबत्त्या पेटल्या. भ्रष्टाचाराविरुद्ध मैदान भरते आणि त्याच भ्रष्टाचारावरच्या सिनेमाला मात्र प्रेक्षक मिळत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

तेव्हाच्या प्रेक्षकांच्या आणि समीक्षकांच्या प्रतिक्रियांचा सूर साधारण एकच होता. पंकज कपूर उत्तम, पण सिनेमा म्हणजे मालिकेचे चार-पाच भाग एकापुढे एक जोडल्यासारखा. अर्ध्या तासात जे गमतीचे वाटते ते दोन तासांत ताणले जाते. हे सगळे आधीच पाहिले आहे, यात नवीन काय? सिनेमा म्हणून या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु 'यात नवीन काय' हे म्हणणारा प्रेक्षक कोण होता, हा प्रश्न आम्हाला सिनेमापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आजही मालिकेचे जुने भाग मोबाइलवर पाहून 'काय दिवस होते ते' म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांचे ते दिवस संपले, त्यांनी खुशाल हळहळावे. ज्यांचे संपलेले नाहीत, त्यांच्याविषयी आम्हाला येथे लिहायचे आहे.

मालिकेची मांडणी साधी होती. कचेरी बदलायची, चेहरे मात्र बदलायचे नाहीत. दवाखाना असो, पोलीस ठाणे असो, वीज कंपनी असो. खिडकीच्या आत तीच पाच माणसे आणि बाहेर मुसद्दीलाल. एक खातो, एक पान चघळतो, एक विणत बसते आणि काम चहापाण्यावाचून हलत नाही. खाते कोणतेही असो, खिडकीमागचा स्वभाव एकच, हे सत्य त्या मालिकेने नेमके पकडले होते. ते मोठे काम होते, हे आम्ही मान्य करतो. उमरी-भोकर-धर्माबादकडची माणसेही ती मालिका पाहून हसली आहेत.

सिनेमात हा मुसद्दीलाल निवृत्त शिक्षक आहे. बायको वारली म्हणून अस्थी घेऊन तो तीर्थाला जातो. घर बंद दिसते आणि पेन्शनच्या कागदावर त्याला मृत ठरवले जाते. मग हा माणूस आपण जिवंत आहोत हे सांगत दारोदार फिरतो. प्रेक्षकांना ही अतिशयोक्ती वाटली. पण ती अतिशयोक्ती नव्हती. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी यांना नातलगांनी महसुली दप्तरात मृत दाखवले आणि त्यांची जमीन लाटली. १९७५ ते १९९४ अशी जवळपास एकोणीस वर्षे हा माणूस सरकारदरबारी मेलेला होता. त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' लावले, मृतक संघ काढला, जिवंत असल्याचा पुरावा निर्माण व्हावा म्हणून १९८९ मध्ये अमेठीतून राजीव गांधींविरुद्ध निवडणूक लढवली. २०२१ मध्ये त्यांच्यावर 'कागज' हा सिनेमाही आला. म्हणजे मुसद्दीलाल ही थट्टा नव्हे. ती या देशातली नोंद आहे.

आता मराठवाड्याकडे या. आमच्या तालुक्यांत संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे घेणारी माणसे आहेत. मुसद्दीलालला निदान शिक्षकाची पेन्शन होती. या माणसांना महिन्याला मिळणारी रक्कम २०२३ मध्ये वाढली, ती पंधराशेपर्यंत. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवावे लागते आणि दरवर्षी आपण हयात आहोत हे सांगावे लागते. पूर्वी साहेबांपुढे उभे राहावे लागायचे. आता यंत्रावर बोट ठेवावे लागते. ज्या बाईने सारा जन्म खुरपे धरले, कापूस वेचला, विटा थापल्या, तिच्या बोटावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ठसा उमटत नाही. यंत्र म्हणते, जुळत नाही. बाई समोर उभी आहे, आणि तरी ती नाही! मुसद्दीलालने निदान माणसाशी वाद घातला. या बाईने वाद कोणाशी घालायचा? ती सिनेमा पाहून हसली नाही, म्हणून तिला विनोद कळत नाही असे कोणी म्हणू नये.

पण आमचा खरा मुद्दा याहून पुढचा आहे. मालिकेतल्या त्या सामान्य माणसाचे पूर्ण नाव होते मुसद्दीलाल त्रिपाठी. टेबलापलीकडे शुक्ला, पांडे, भाटिया, पटेल. अर्जदारही त्यांच्यातलाच आणि अडवणारेही त्यांच्यातलेच. प्रत्येक भागात त्याला पैसे मागितले गेले, फेऱ्या मारायला लावल्या गेल्या. एकच गोष्ट त्याला कोणी कधी विचारली नाही: तुझी जात कोणती? या कचेरीत एकही कांबळे नाही, एकही वाघमारे नाही. टेबलाच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. म्हणून मालिकेला वाटले की भारतीय कचेरीचा एकमेव आजार म्हणजे लाच. लाच हा आजार आहेच. पण आमच्या माणसाला कचेरीत लाचेच्या आधी जात भेटते.

याचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत होते आणि त्या कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हते. पांडेजींच्या चहापाण्यावर सारा देश हसला. परंतु ज्या कचेरीत अधिकाऱ्यालाच पाणी मिळत नाही, त्या कचेरीवर विनोदी मालिका अजून कोणी लिहिलेली नाही.

आणि आज? मुसद्दीलालला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे होते. आमच्या पोरांना आपली जात सिद्ध करायची असते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या दिवशी उमरी हैदराबाद राज्यात होती. निजामाचे राज्य जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. जुने दप्तर उर्दूत किंवा मोडीत. तो पुरावा यायचा कुठून? जमिनीच्या नोंदीतून? आजोबाला जमीनच नव्हती. शाळेच्या रजिस्टरमधून? आजोबाला शाळेत घेतलेच नव्हते. म्हणजे ज्या जातीमुळे घरात कागद आला नाही, ती जात सिद्ध करण्यासाठी कागद आणा! यापेक्षा मोठा विनोद मुसद्दीलालच्या कोणत्या भागात आहे? बौद्धांची कथा आणखी लांबची. १९५६ मध्ये धम्म स्वीकारला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध आले ते १९९० मध्ये. चौतीस वर्षे आम्हीही एका अर्थाने कागदावर नव्हतो.

आता प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेकडे पुन्हा पाहू. २००१ मध्ये जो वर्ग हसत होता, तो त्या वेळी स्वतः रांगेत होता. टेलिफोनसाठी, गॅससाठी, बिलासाठी. पुढच्या दहा वर्षांत त्या वर्गाने रांग सोडली. खासगी दवाखाना, खासगी शाळा, खासगी फोन, उरलेल्या कामाला एजंट. रांगेतून सुटलेल्या माणसाला रांगेची गंमत शिळी वाटणारच. म्हणूनच 'हे जुने झाले' ही प्रतिक्रिया आम्हाला सिनेमाची परीक्षा वाटत नाही. एका वर्गाने काढलेला आपला सुटकेचा दाखला वाटते. जे रांगेत राहिले, ते महागडी तिकिटे काढून थिएटरात जाणारे नव्हते, आणि त्यांची प्रतिक्रिया कोणी विचारलीही नाही.

या हसण्याचा एक परिणाम मात्र झाला. सरकारी कचेरी म्हणजे आळशांचा आणि खाऊंचा अड्डा, ही समजूत पक्की झाली. त्यावर इलाज म्हणून कचेरी सुधारा असे कोणी म्हणाले नाही. कचेरी बंद करा, खासगीला द्या, असे म्हणू लागले. त्याच ऑगस्ट २०११ मध्ये, १२ तारखेला, प्रकाश झा यांचा 'आरक्षण' आला तेव्हा केवढा गदारोळ झाला! उत्तर प्रदेश, पंजाब, आंध्र प्रदेशात बंदी आली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. आरक्षणावर बोलणारा सिनेमा सर्वांनी पाहिला. पण ज्या नोकऱ्यांत आरक्षण आहे, त्या नोकऱ्याच हास्यास्पद ठरवणारा विनोद दहा वर्षे घरोघर चालला, त्याची चर्चा कोणी केली नाही. आमच्यातल्याही कोणी केली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, वृत्ती गेली का? कंत्राटदाराच्या कचेरीत भाटिया नसेल कदाचित, पण बिंदुनामावलीही नसते, हे आपल्या माणसाने विसरू नये. श्रीमंताला सरकारी कचेरी नको असली तरी त्याचे चालते. ज्याच्याकडे संविधानाने दिलेल्या हक्काशिवाय दुसरे भांडवल नाही, त्याला मात्र हीच खिडकी आहे. ती सुधारायची आहे, पाडायची नाही.

आणि येथे आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. बाबासाहेबांनी माऱ्याच्या जागा काबीज करायला सांगितले. त्यांच्या पुण्याईने आपली मुले लिपिक झाली, तलाठी झाली, ग्रामसेवक झाली, साहेब झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण खुर्चीत बसलेला आपला माणूस खिडकीबाहेरच्या आपल्याच म्हातारीला 'उद्या या' म्हणतो, तेव्हा तो कोणाची नक्कल करीत असतो? शुक्लाजींचीच ना? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती भाषणापुरती नव्हती. मालिकेत एकही कांबळे नव्हता याचा राग आम्हाला जरूर यावा; पण जो कांबळे आज खरोखर त्या खुर्चीत आहे, त्याने मालिकेतली रिकामी जागा भरून काढू नये! तो तेथे वेगळा वागला, तरच आरक्षणाच्या बाजूने शंभर भाषणांचे काम होईल.

मग रांगेतल्या माणसाने काय करावे? मुसद्दीलाल विनवण्या करीत फिरला. आपण विनवणी करायची नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. बदल्या आणि विलंब यांबाबतचा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सांगतो, एका टेबलावर फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा सांगतो, कोणती सेवा किती दिवसांत, कोण देणार, हे कचेरीतल्या फलकावर लिहा. अर्जाची पोच द्या, नंबर द्या. मुदत टळली की पहिले अपील, दुसरे अपील, पुढे सेवा हक्क आयोग. सबळ कारणावाचून अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. दंड लहान आहे, पण तो ज्याच्या नावावर लागतो त्याला तो लहान वाटत नाही.

हे कायदे आपोआप चालत नाहीत. तोंडी विचारणाऱ्याला तोंडी उत्तर मिळते. म्हणून अर्ज लेखी करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ठसा उमटत नसेल तर 'ठसा उमटत नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून घ्यावी' असे लिहून द्या आणि त्याचीही पोच घ्या. गावातल्या प्रत्येक बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ शिकलेल्या चार पोरांनी बसावे आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज लिहून द्यावेत. जयंतीच्या मिरवणुकीला लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका खर्चही याला येत नाही.

मुसद्दीलालवर हसायला आमची हरकत नाही. चांगला नट होता, चांगली मालिका होती. ज्यांना तो सिनेमा शिळा वाटला, त्यांच्याशीही आमचे भांडण नाही. फक्त हे ध्यानात असू द्या की त्यांचा खेळ संपला आहे आणि ते घरी गेले आहेत. आपण अजून खिडकीपुढे उभे आहोत, आणि पोच मिळेपर्यंत तेथून हलायचे नाही.