पहिल्याच वर्षी निकाल लावू नका

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, आज उदाहरण अमेरिकेतलं देतेय. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा कणा. चेंडू कुणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. कॉलेजातून नवा क्वार्टरबॅक आला, की चाहत्यांना लगेच विजेतेपद हवं असतं.

१९९८ साली इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने पेटन मॅनिंगला सगळ्या नवोदितांमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्या वर्षी त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरी त्याला बाहेर बसवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले!

मग प्रत्येक नवखा मॅनिंग होतो का? नाही. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ फार काळ टिकला नाही. म्हणून माझं मत असं, की पहिल्या वर्षी नुसती हार-जीत मोजू नये. तीच चूक पुन्हा होते का? चुकल्यावर पुढचा पास टाकायला तो घाबरतो का? हे बघावं. अपेक्षा सोडायची नाही, फक्त तिला वेळ द्यायचा.

आपणही मुलाच्या पहिल्या चाचणीचे गुण बघून "याला काही जमणार नाही" म्हणून मोकळे होतो ना? पुढच्या वेळी गुणांआधी वही उघडा. मागच्या महिन्यातली चूक आता होत नसेल, तर पाठ थोपटा.