लॉबिंगसाठी कुठली पदवी?

मुंबईत चारकोपमध्ये एका ओळखीच्या घरात सध्या वाद चाललाय. बारावी झालेल्या लेकीला कंपन्यांची बाजू सरकारदरबारी मांडायचं काम करायचंय, आणि वडील विचारताहेत, ‘म्हणजे दलालीच ना?’ प्रश्न अगदीच गैर नाही. २०१०मध्ये बाहेर आलेल्या, लॉबिस्ट नीरा राडियांच्या फोनवरच्या संभाषणांच्या टेप्सनी या धंद्याची अशी काही अब्रू घालवली की कार्डावर ‘लॉबिस्ट’ छापायला आजही लोक कचरतात. ‘पब्लिक पॉलिसी’ किंवा ‘कॉर्पोरेट अफेअर्स’ म्हणतात. अमेरिकेत लॉबिस्टांनी नोंदणी करावी असा १९९५चा कायदा आहे. आपल्याकडे २०१३मध्ये एक खासगी विधेयक आलं आणि तिथंच राहिलं. मग पदवी कुठली? माझं मत विचाराल तर अर्थशास्त्र, जोडीला राज्यशास्त्र, आणि वर तीन वर्षांचं एलएलबी. नुसत्या मास मीडियाने भागणार नाही. बोलघेवडेपणा कॉलेजच्या कट्ट्यावर फुकट मिळतो. खरी शिकवणी मात्र तिच्या दारातच आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या या म्हाडा वसाहतीत पुनर्विकास म्हटला की विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ३३(५) आलाच. सोसायटीचे निवृत्त सेक्रेटरी त्याची झेरॉक्स लाल पेनाने रंगवून बसतात, जीआरमधलं ‘परंतु’ बरोबर हेरतात आणि निवेदन एका पानात बसवतात. वर्षभर त्यांच्या हाताखाली टाइपिंग करावं. पदवीनंतर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, खासदाराबरोबर काम करण्याची. हे ऐकून वडील जरा निवळले. लगेच म्हणाले, ‘स्टायपेंड किती?’