दोन ऑब्जेक्ट ‘सारखे’ कधी? क्लाउडफ्लेअरचा डॅशबोर्ड आणि जावास्क्रिप्टचा जुना प्रश्न

12 सप्टेंबर 2025 ला क्लाउडफ्लेअरचा डॅशबोर्ड आणि बरेचसे एपीआय बंद पडले. ग्राहकांच्या वेबसाइट चालू होत्या, पण सेटिंग बदलायला गेलं की काही उघडत नव्हतं. अशा वेळी सगळ्यांना आधी सायबर हल्ल्याचा संशय येतो. कंपनीने नंतर सविस्तर अहवाल दिला आणि त्यात एक कारण निघालं रिअ‍ॅक्टमधल्या एका युजइफेक्टचं.

युजइफेक्टला आपण काही गोष्टींची यादी देतो. यादीतलं काही बदललं, की तो पुन्हा चालतो. इथे यादीत एक ऑब्जेक्ट होता आणि तो दर वेळी नव्याने तयार होत होता. रिअ‍ॅक्टला वाटलं, हा दर वेळी नवाच आहे. त्यामुळे टेनंट सर्व्हिस नावाच्या सेवेला गरज नसताना पुन्हा पुन्हा कॉल जात राहिले. नेमकं त्याच वेळी त्या सेवेचं अपडेट सुरू होतं आणि सेवा कोलमडली. एपीआयच्या विनंत्यांना परवानगी द्यायची की नाही, हे तपासण्यात हीच सेवा लागते, म्हणून बाकीचे एपीआयही तिच्याबरोबर गेले.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये [] === [] लिहून बघा. उत्तर फॉल्स येईल. एकाच बिल्डरने बांधलेले दोन फ्लॅट आतून हुबेहूब सारखे असले तरी पत्ते वेगळे असतात. आकडे आणि स्ट्रिंग यांच्या बाबतीत जावास्क्रिप्ट मजकूर बघते, ऑब्जेक्टच्या बाबतीत फक्त पत्ता. पायथनमध्ये दोन डिक्शनरींची तुलना केली तर आतला मजकूर तपासला जातो. जावात ‘सारखं म्हणजे काय’ हे क्लास लिहिणाऱ्याने स्वतः ठरवून लिहायचं असतं.

मला जावास्क्रिप्टचं हे वागणं चूक वाटत नाही. पत्ता बघणं एका झटक्यात होतं. मजकूर बघायचा तर प्रत्येक खोली उघडावी लागते, आणि खोल्या किती हे आधी माहीत नसतं. रिअ‍ॅक्ट ही तपासणी प्रत्येक रेंडरला करतं, त्याला हे परवडणार नाही.

मग लोक जुगाड करतात. कोड रिव्ह्यूमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे दोन्ही ऑब्जेक्टचं जेसन स्ट्रिंगिफाय करून स्ट्रिंग जुळवणं. साध्या डेटाला चालून जातं. पण कीजचा क्रम बदलला की तोच डेटा ‘वेगळा’ ठरतो. अनडिफाइन्ड असलेली की गायब होते, एनएएनचा नल होतो, आणि मॅप कितीही भरलेला असला तरी रिकामा ऑब्जेक्ट बनून येतो. म्हणजे दोन पूर्ण वेगळे मॅप ‘सारखे’! लोडॅशचं इजइक्वल किंवा नोडचं इजडीपस्ट्रिक्टइक्वल यापेक्षा कितीतरी बरं.

हा प्रश्न भाषेतच सोडवायचा प्रयत्नही झाला. ‘रेकॉर्ड्स अँड टपल्स’ या प्रस्तावात मजकुरावरून तुलना होणारे, न बदलणारे नवे प्रकार येणार होते. 2020 मध्ये तो दुसऱ्या टप्प्यावर पोहोचला आणि एप्रिल 2025 मध्ये मागे घेतला गेला. नवा मूलभूत प्रकार आणायचा तर इंजिन बनवणाऱ्यांवर मोठा भार पडतो आणि तीन बरोबरची ती झटपट तुलना महाग होते, हा मुख्य अडसर. त्याच्या जागी ‘कंपोझिट्स’ नावाचा लहान प्रस्ताव आलाय, पण तो अजून पहिल्याच टप्प्यावर आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये रिअ‍ॅक्ट कंपायलरची 1.0 आवृत्ती आली. गरज नसेल तर तो जुनाच ऑब्जेक्ट पुन्हा वापरतो, त्यामुळे पत्ता उगाच बदलत नाही. पण सर्व्हरकडून डेटा पुन्हा मागवला, की सहसा हाती नवा ऑब्जेक्टच येतो, मग आत काहीही बदललेलं नसो. म्हणून यादीत अख्खा ‘युजर’ टाकण्यापेक्षा फक्त त्याचा आयडी टाका.

आणि ‘तुमचे बदल सेव्ह झालेले नाहीत’ हा इशारा देणारा फॉर्म घ्या. सर्व्हरने मधलं नाव नल पाठवलं. वापरणाऱ्याने तिथे एक अक्षर टाइप करून खोडलं, आता फॉर्ममध्ये रिकामी स्ट्रिंग आहे. कुठलीही लायब्ररी म्हणेल, बदललंय. वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. इथे नल आणि रिकामी स्ट्रिंग एकच मानायची, हे ठरवणारा चार ओळींचा फंक्शन आपल्यालाच लिहावा लागतो.