दफ्तर कोणाचें?

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं परवां आम्हांस टोमणा मारला कीं, "आतां तुम्हां लोकांची तक्रार उरली आहे तरी कोणती? सरकारी कागद हवा असेल तर घरीं बसून ऑनलाईन फॉर्म भरा, दहा रुपये द्या आणि तीस दिवस थांबा. कचेरीची पायरी चढण्याचेंही कारण नाहीं!" हें म्हणणें आजकाल सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकूं येतें, ज्यांनीं तो फॉर्म एकदांही भरलेला नाहीं त्यांच्या तोंडून तर फारच ठासून ऐकूं येतें. म्हणून त्याची थोडी झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

जें खरें आहे तें प्रथम कबूल करूं. पूर्वीं कागदावर अर्ज लिहून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवून, तो कचेरींत नेऊन द्यावा लागे; कारकून जाग्यावर नसे, आणि असलाच तर पोंच देण्यास कांकूं करी. फॉर्मामुळें पोंच तत्काळ मिळते, क्रमांक मिळतो, तारीख कोणास नाकारतां येत नाहीं. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व उच्च न्यायालयांस तीन महिन्यांच्या आंत अशीं संकेतस्थळें उघडण्यास फर्माविलें, तें योग्यच झालें. आमचें भांडण यंत्राशीं नाहीं. यंत्राच्या आडून कायदा कातरला जात आहे, त्याविषयीं आमचें भांडण आहे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचें सहावें कलम आमच्या स्नेह्यांनीं एकवार वाचावें. इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा यांपैकीं कोणत्याही भाषेंत मागणी करावी. कारण सांगण्याची गरज नाहीं. आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याचें तोंडी म्हणणें कागदावर उतरविण्यास माहिती अधिकाऱ्यानें सर्व वाजवी साहाय्य करावें. अर्ज भलत्याच कचेरींत पडला तर पांच दिवसांच्या आंत तो योग्य ठिकाणीं धाडण्याचें ओझेंही सरकारच्याच माथीं आहे. इतकें उदार कलम आपल्या कायद्यांच्या पुस्तकांत क्वचितच सांपडेल.

आतां फॉर्म पाहा. आरंभींच तो विचारतो: खातें कोणतें, कचेरी कोणती? ज्याला हें ठाऊक आहे त्याला निम्मी माहिती आधींच मिळालेली असते! केंद्र सरकारचें संकेतस्थळ २०१३ सालीं सर्व मंत्रालयांसाठीं खुलें झालें. त्यावर प्रश्नाच्या चौकटींत केवळ रोमन अक्षरें, अंक व मोजकीं चिन्हें चालतील अशी सूचना वर्षानुवर्षें झळकत होती. सोलापूरच्या माणसानें रेल्वेला मराठींत विचारावें हा कायद्यानें दिलेला हक्क. तो बजावण्यासाठीं मराठी मजकूर निराळ्या फाईलींत घालून जोडावयाचा! आपल्या राज्यानें तर २०१२ सालीं नियमच केला कीं अर्ज एकाच विषयाचा असावा व सामान्यतः १५० शब्दांहून मोठा नसावा. केंद्राच्या नियमांत ५०० शब्दांची मर्यादा आहे, परंतु तेवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळूं नये असेंही तेथें लिहून ठेवलें आहे. (विद्यार्थ्यांस शब्दमर्यादा घालण्यांत आमचें आयुष्य गेलें, परंतु ती आम्ही उत्तराला घालीत आलों, प्रश्नाला नव्हे.)

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या येथें स्वयंपाकास येणाऱ्या बाईंची मुलगी जवळच्या मराठी शाळेंत चौथींत होती. ती सरकारी शाळा एका उन्हाळ्यांत बंद झाली. कोणी म्हणाले पट कमी झाला, कोणी म्हणाले इमारत धोकादायक आहे. "सर, शाळा कां बंद केली तें तुम्ही विचारून बघा ना," असें बाई म्हणाल्या, आणि आम्ही मोठ्या ऐटींत संगणकापुढें बसलों. यादींत हवी ती कचेरी सांपडेना. तेव्हां वरच्या कचेरीचें नांव निवडलें आणि शाळा बंद करण्याचा आदेश, तीन वर्षांची पटसंख्या, इमारतीचा तपासणी अहवाल यांच्या प्रती मागितल्या. तीस दिवस गेले. अपील केल्यावर उत्तर आलें कीं, पट हा एक विषय व इमारत हा दुसरा, सबब अर्ज नियमांत बसत नाहीं. शिवाय माहिती विस्तृत असल्यानें अर्जदारानें कार्यालयीन वेळेंत समक्ष येऊन पाहावी. घरबसल्या सोयीची प्रदक्षिणा पुरी करून आम्ही पुन्हां त्याच पायरीपाशीं आलों! आम्ही इंग्रजी शिकलेले, नियम वाचूं शकणारे, सकाळची रजा टाकूं शकणारे. बाईंना हें कसें साधावें? आणि त्यांचें तोंडी म्हणणें लिहून घेणारा अधिकारी त्या फॉर्मांत कोठें बसविला आहे?

तरी फॉर्म सुधारला म्हणजे सारें झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्याचें चौथें कलम असें सांगतें कीं, निर्णय, खर्च, लाभार्थी, नियम हें सर्व कोणी न मागतां सरकारनेंच प्रसिद्ध करावें. त्यासाठीं १२० दिवसांची मुदत होती, आणि ती २००५ सालींच संपली. त्या शाळेचा आदेश फाटकावर चिकटविला असता तर आमच्या १५० शब्दांची गरजच नव्हती. राजस्थानांत मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ पासून ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यांत हजेरीपट व बिलें गांवापुढें मोठ्यानें वाचून दाखविलीं जात. निरक्षर मजुरांसही तेथल्या तेथें कळे कीं, न मिळालेली मजुरी आपल्या नांवावर मांडली आहे. या कायद्याचा जन्म अशा उघड्या वाचनांत झाला आहे. अर्जदारानें एकट्यानें संकेतस्थळापुढें बसावें यासाठीं तो झाला नव्हता.

मराठी वाचकास तर हें निराळें सांगावयास नको. पुण्याचें पेशवे दफ्तर आपल्याच पूर्वजांच्या हातचें. परंतु इंग्रजी अमलांत आपले संशोधक त्याच्या दाराबाहेर तिष्ठत राहिले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं निवडक कागदांचे ४५ खंड निघावयास १९३० तें १९३४ हीं वर्षें उजाडावीं लागलीं. तेव्हां दाराशीं परका बसला होता, ही सबब तरी होती.

"पण या कायद्याच्या जोरावर लोक खंडणी उकळतात," हा स्नेह्यांचा दुसरा आक्षेप. उकळीत असतील. परंतु खंडणी लपविलेल्या कागदाची मिळते. जो कागद भिंतीवर लागला आहे तो दाखवीन म्हणून कोणास धमकावतां येईल? दुरुपयोगाचें भय खरें असेल तर चौथें कलम आजच पाळावें. तें न पाळतां प्रश्नकर्त्याचे शब्द मोजत बसणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

आमचें दुसरें अपील आतां राज्य माहिती आयोगाकडे आहे. २०२४ च्या मध्यास त्या आयोगापुढें लाखाहून अधिक प्रकरणें तुंबलेलीं होतीं. बाईंची मुलगी सहावींत गेली आहे आणि रोज मोठा रस्ता ओलांडून दूरच्या शाळेंत जाते. आमच्या स्नेह्यांनीं या आठवड्यांत एक तरी फॉर्म, ज्याला तो स्वतः भरतां येत नाहीं अशा आपल्या ओळखीच्या माणसासाठीं, त्याला शेजारीं बसवून भरून पाहावा. विषय सुचत नसेल तर त्या शाळेच्या इमारतीचा तपासणी अहवाल आम्हांस अजून हवा आहे.