संगणक कुठलाही असो, अमानत तीच

भीमाशंकरच्या डोंगरातल्या गावांमधून माणूस कागदपत्रांसाठी खाली उतरतो तो घोडेगावला, नाहीतर मंचर-जुन्नरला. जातीचा दाखला, सात-बारा, शिष्यवृत्ती, वनहक्काचा दावा, सगळे एखाद्या सेवा केंद्रातल्या नाहीतर सायबर कॅफेतल्या संगणकावरून जाते. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने ‘उमीद’ पोर्टल सुरू केले, तेव्हापासून मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या वक्फ नोंदीही ऑनलाइन करायच्या आहेत. गावोगावचे मुतवल्ली जुने उतारे आणि आधार कार्ड घेऊन कोणत्या ना कोणत्या संगणकासमोर बसणारच. तो संगणक किती सुरक्षित आहे, हे मात्र आपण विचारत नाही.

तरुणांमध्ये या विषयावर वाद होतो तो वेगळाच: विंडोज चांगले, मॅक चांगले, की लिनक्स? वाद निरर्थक नाही. विंडोज सर्वाधिक वापरात आहे, म्हणून सर्वाधिक हल्लेही तिच्यावर. डिफेंडर हा तिचा स्वतःचा अँटिव्हायरस आता बरा आहे. पण घरी-दुकानी बहुतेक जण ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्यावरच काम करतात, म्हणजे चुकून उघडलेल्या फाइललाही धन्याचेच अधिकार मिळू शकतात. मॅकमध्ये यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची. अनोळखी सॉफ्टवेअर ती सहज चालू देत नाही. तरी २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सहा लाखांवर मॅक बाधित केले होते. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर अधिकृत भांडारातून येते, प्रणालीत बदल करायचा तर पासवर्ड लागतो, आणि ती फुकट आहे. पण मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या तिच्या एका छोट्या घटकात मुद्दाम ठेवलेले चोरदार सापडले. एका अभियंत्याला लॉग-इन व्हायला किंचित उशीर लागतो अशी शंका आली, म्हणून ते वेळेत कळले.

म्हणजे पूर्ण सुरक्षित असे कोणीच नाही. आमच्या मते खरी सीमारेषा अद्ययावत संगणक आणि टाकून दिलेला संगणक यांच्यामध्ये आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. विंडोजच्या ज्या भगदाडाचा त्या हल्ल्यात वापर झाला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. औषध तीन महिने आधी आलेले होते. जगभरच्या असंख्य संगणकांनी ते घेतलेच नव्हते.

दुसरे उदाहरण भीमेच्याच काठचे. कोरेगाव भीमा प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ‘नेटवायर’ नावाच्या सॉफ्टवेअरद्वारे कोणीतरी बावीस महिने त्या लॅपटॉपवर ताबा ठेवला आणि त्यात कागदपत्रे पेरली, असा तिचा निष्कर्ष होता. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही आणि खटला न्यायालयात आहे, म्हणून त्यावर निवाडा देणे आमचे काम नव्हे. पण नेटवायर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी विकले जात होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ईमेलमधून आलेली फाइल आपण स्वतःच उघडली, तर प्रणालीचे नाव आपल्याला वाचवत नाही.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत नियमित अपडेट थांबले. वैयक्तिक वापरकर्त्यांना वेगळी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट मिळतात, तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकावर ती अधिकृतपणे बसत नाही. त्यात ‘फॉरमॅट मारून’ टाकलेली क्रॅक विंडोज असेल, तर क्रॅकबरोबर काय आत आले हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अशा जुन्या संगणकासाठी उबंटूसारखे लिनक्स हा प्रामाणिक आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकत आहेत. अडचणही आहे: बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात. म्हणून सेवा केंद्राला विंडोज लागेल, तर ती अस्सल आणि अद्ययावत हवी. मदरशातल्या, वाचनालयातल्या, घरातल्या अभ्यासाच्या संगणकाला मात्र लिनक्स पुरेसे आहे.

आमचे आवाहन साधे आहे. ज्याला संगणक कळतो त्याने एक रविवार काढावा. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टचा, शाळेचा, ओळखीच्या केंद्राचा संगणक उघडून पाहावा: अपडेट शेवटचे कधी झाले? रोजच्या कामाला साधे खाते आहे का? लोकांचे आधार आणि उतारे ‘डाउनलोड्स’मध्ये तसेच पडून आहेत का? महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर आहे का?

कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणे याला आपण अमानत म्हणतो. विधवा बाईने पेन्शनसाठी दिलेला आधार क्रमांक आणि मुतवल्लीने दिलेला शंभर वर्षांचा उतारा, दोन्ही अमानतच आहेत. तिजोरी कुठल्या कंपनीची याची चर्चा जरूर करावी, पण आधी तिला कुलूप लागले आहे का ते पाहावे.